मावशींचा प्रश्न

"पोरी, मी मशीन नको म्हटलं, तर ते जीव देणं होतं काय गं?"

गेल्या वर्षी आषाढात, बेळगावचा पाऊस कौलांवर कोसळत असताना शेजारच्या मावशींनी मला हा प्रश्न विचारला. मावशींचे वय अठ्ठ्याहत्तर. धर्माने कॅथलिक. घरात कोकणी, आमच्याशी मराठी आणि भाजीवालीशी खणखणीत कन्नड. आमच्या दोन घरांमध्ये कुंपण आहे, पण त्याच्या फटीतून ये-जा करून करून आता तिथे वाटच पडली आहे. नाताळात त्यांच्याकडून नेवऱ्या येतात, दिवाळीत आमच्याकडून फराळ जातो. माझे माहेर मराठी, सासर कन्नड. त्यामुळे 'कोणत्या घरची पद्धत पाळायची' हा प्रश्न आम्हाला नवा नाही. पण तो लग्नाला, बारशाला विचारायचा प्रश्न. मरणाच्या बाबतीत तो कुणी कुणाला विचारत नाही. मावशींनी विचारला.

त्यांच्या पोटातला कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता. आता उपचार आजारावर नाही, वेदनेवर करायचे, असे डॉक्टरांनी सांगितले होते. घरात मात्र एकमत नव्हते. थोरला मुलगा आखातात. तो रोज रात्री फोनवर सांगे, "कितीही खर्च होऊ दे, आईला आय.सी.यू.त ठेवा, व्हेंटिलेटर लावा." धाकटी मुलगी आईजवळ राहणारी, सगळे काही करणारी. ती एका प्रार्थनामंडळात जाऊ लागली होती. तिथे तिला कुणीतरी सांगितले, की विश्वास पुरा असेल तर गोळ्या कशाला? देव बरे करणारच. तिने दोन दिवस आईच्या वेदनाशामक गोळ्या बंद ठेवल्या. ते दोन दिवस मावशींचे कण्हणे आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येत होते.

आणि मावशींना भीती वेगळीच. त्यांच्या लहानपणी त्यांच्या मोठ्या भावाने विहिरीत जीव दिला होता. तेव्हा त्याला चर्चमध्ये नेले नाही, धर्मगुरूंनी प्रार्थना म्हटली नाही. दफनभूमीच्या भिंतीबाहेर त्याला पुरले. मावशींची आई मरेपर्यंत दर वर्षी त्या भिंतीबाहेर मेणबत्ती लावत असे. "तो नरकात गेला असं सगळे म्हणत होते," मावशी म्हणाल्या. "आता मी पण मशीन नको म्हणून मेले, तर त्याच्यासारखंच की."

मी कॉलेजात मराठी शिकवते. ख्रिस्ती धर्मशास्त्र हा माझा विषय नाही. पण हा प्रश्न मला झोपू देईना, याला माझे स्वतःचे कारण होते. तीन वर्षांपूर्वी माझे वडील सतरा दिवस व्हेंटिलेटरवर होते. नळी ओढू नये म्हणून त्यांचे हात पलंगाला बांधलेले. सुधारणा होणार नाही हे चौथ्या दिवशीच कळले होते. तरी रोज एक कागद समोर यायचा आणि मी सही करायची. "नको" म्हणणे म्हणजे आपणच बाबांना मारणे, असे वाटत होते. त्या रुग्णालयाला मी एकटीने दोष देत नाही. आम्हालाच काही ठरवता आले नाही. बाबांना काय हवे होते, हे त्यांच्या हयातीत आम्ही कधी विचारलेच नव्हते.

म्हणून मी मावशींच्या चर्चच्या फादरांना फोन केला. ते भर पावसात स्कूटरवरून आले. पुढचे दोन आठवडे ते आणखी तीनदा आले. त्यांनी जे सांगितले आणि मग मी स्वतः जे वाचले, ते आपल्या भागातल्या सगळ्याच घरांनी वाचावे असे वाटले, म्हणून हा लेख.

गोळी आणि प्रार्थना

फादर मुलीला रागावले नाहीत. ते म्हणाले, "बाई, देवाकडे माग. हट्टाने माग. पण गोळी बंद करून त्याची परीक्षा घेऊ नकोस. बायबलमध्येच सांगितलंय, वैद्याला मान द्या, त्यालाही देवानेच निर्माण केलंय. आणि शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता."

आपल्याला वाटते, ख्रिस्ती धर्म म्हणजे चमत्कारांवर सहज विश्वास. निदान कॅथलिक चर्चची रीत तरी तशी नाही, उलट फार संशयी आहे. अठराव्या शतकात प्रोस्पेरो लाम्बेर्तिनी यांनी (हेच पुढे पोप बेनेडिक्ट चौदावे झाले) त्याच्या कसोट्या मांडल्या. आजार गंभीर हवा, बरे होणे अचानक, पूर्ण आणि टिकाऊ हवे, आणि ते औषधाने घडले असे म्हणता येता कामा नये. फ्रान्समधल्या लूर्द येथे १८५८ साली बर्नादेत या मुलीला मरियामातेचे दर्शन झाले, अशी श्रद्धा आहे. तिथे दरवर्षी लाखो भाविक जातात. १८८३ पासून तिथे डॉक्टरांचे एक कार्यालय आहे. बरे झाल्याचे दावे तिथे तपासले जातात आणि कोणत्याही धर्माच्या किंवा धर्म न मानणाऱ्याही डॉक्टरला त्या तपासणीत भाग घेता येतो. हजारो दावे आले. त्यांतले चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले ते एप्रिल २०२५ पर्यंत फक्त ७२.

यावर वाद होत नाहीत असे नाही. मदर तेरेसांना २००३ साली 'धन्य' घोषित करताना पश्चिम बंगालमधल्या एका आदिवासी महिलेचे बरे होणे चमत्कार मानले गेले. ती औषधांनीच बरी झाली, असे तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले होते. दोन्ही बाजू आपापल्या जागी राहिल्या.

फादरांनी मुलीला गोव्याच्या संत जोसेफ वाझ यांची गोष्ट सांगितली. १६५१ साली बाणावलीत जन्मलेले वाझ सिलोनला गेले. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. लोक रोग्यांना टाकून पळाले, तेव्हा वाझ आणि त्यांचा भाचा यांनी त्यांची शुश्रूषा केली. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले, ते नेहमीची दुसऱ्या चमत्काराची अट बाजूला ठेवून. "देवी झालेल्या माणसाची जखम धुणं," फादर म्हणाले, "हे चमत्कारापेक्षा कमी आहे असं तुला वाटतं का?"

चर्च म्हणजे एकच चर्च नव्हे, हेही लक्षात ठेवायला हवे. आपल्या बेळगावात १८२० साली लंडन मिशनचे काम सुरू झाले, ते प्रॉटेस्टंट. पुढे मेथडिस्ट आले. अलीकडच्या काळात पेंटेकोस्टल मंडळ्या वाढल्या. काही प्रॉटेस्टंट परंपरा म्हणतात, की चमत्कार प्रेषितांच्या काळापुरते होते. पेंटेकोस्टल म्हणतात, ते आजही घडतात, हात ठेवून प्रार्थना केली की घडतात. या दुसऱ्या प्रवाहाच्या इतिहासात एक नाव आपले आहे. ते म्हणजे पंडिता रमाबाई. कर्नाटकातल्या पश्चिम घाटात जन्मलेल्या, मराठी घरातल्या, संस्कृत तोंडपाठ असलेल्या रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठी प्रार्थनाजागृती झाली. जगभरच्या पेंटेकोस्टल इतिहासात तिची नोंद आहे. पण त्याच रमाबाईंना ऐकू कमी येत होते, ते गेले नाही. त्यांची एकुलती लेक मनोरमा १९२१ साली त्यांच्या आधी गेली. पुढच्या वर्षी त्याही गेल्या. त्यांच्या विश्वासात कमतरता होती, असे कोण म्हणेल?

बायबलमध्ये पौलाचीही गोष्ट आहे. शरीरातला एक सल काढून टाक, म्हणून त्याने तीनदा प्रार्थना केली. तो सल गेला नाही. जन्मांध माणसाविषयी शिष्य विचारतात, पाप कुणाचे, याचे की आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो. आजारी माणसाच्या उशाशी बसून 'तुझा विश्वास कमी पडला' म्हणणे हे या गोष्टींत बसत नाही, एवढे मला समजले. मुलगीही ते समजली. त्या रात्रीपासून गोळ्या सुरू झाल्या. प्रार्थनाही सुरूच राहिली.

मशीनचा प्रश्न

मावशींच्या मूळ प्रश्नाला फादरांनी दिलेले उत्तर फार सरळ होते. "मरण आणणं वेगळं आणि येणाऱ्या मरणाला वाट देणं वेगळं."

हे त्यांचे स्वतःचे मत नव्हते. १९५७ साली पोप बारावे पायस यांनी भूल देणाऱ्या डॉक्टरांसमोर बोलताना सांगितले होते, की जीव वाचवण्यासाठी साधारण उपाय करणे माणसाचे कर्तव्य आहे, असाधारण उपाय करण्याचे बंधन नाही. १९८० च्या व्हॅटिकनच्या घोषणापत्रात आणि १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात हेच अधिक स्पष्ट झाले. फार त्रासाचे, धोक्याचे किंवा अपेक्षित परिणामाच्या मानाने अवाजवी असलेले उपचार थांबवणे योग्य असू शकते. निर्णय शक्यतो रोग्याचा स्वतःचा असावा. वेदना शमवण्यासाठी औषध देता येते. त्यामुळे आयुष्य थोडे कमी होण्याची शक्यता असली, तरी हेतू मारण्याचा नसून वेदना शमवण्याचा असेल, तर ते पाप नाही. मात्र इंजेक्शन देऊन किंवा दुसऱ्या मार्गाने मुद्दाम मरण आणणे याला कॅथलिक चर्चची ठाम मनाई आहे. २०२० मध्ये ती पुन्हा सांगितली गेली. अन्नपाण्याबाबतही चर्च कडक आहे. बेशुद्धावस्थेत वर्षानुवर्षे असलेल्या रोग्याला नळीने का होईना, अन्नपाणी देणे हे उपचार नसून साधी काळजी आहे, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००४ साली सांगितले.

त्याच जॉन पॉल यांचे पुढच्या वर्षी काय झाले, तेही फादरांनी सांगितले. फेब्रुवारी २००५ मध्ये त्यांच्या घशाला छेद देऊन श्वासाची सोय करण्यात आली होती. पण मार्चच्या अखेरीस प्रकृती ढासळली, तेव्हा ते पुन्हा रुग्णालयात गेले नाहीत. २ एप्रिलला आपल्या खोलीतच, आपल्या माणसांत गेले. हे ऐकल्यावर मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पोपसाहेबांनी केलं ते मला चालेल की."

सर्व ख्रिस्ती लोक इथेच थांबतात असे नाही. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू यांनी २०१६ साली, वयाच्या ८५ व्या वर्षी, साहाय्याने मरण्याचा पर्याय आपल्याला असावा, असे जाहीरपणे म्हटले. इंग्लंडचे माजी आर्चबिशप जॉर्ज कॅरी यांनी २०१४ मध्ये तशीच भूमिका घेतली, त्यांच्याच चर्चची अधिकृत भूमिका विरोधात असताना. आपल्या जिल्ह्यातल्या जैन बांधवांना तर सल्लेखनेची चर्चा नवी नाही. २०१५ साली राजस्थान उच्च न्यायालयाने तिच्यावर बंदी घातली आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. मरणाच्या दाराशी धर्म आणि कायदा यांची अशी गाठ पडतेच.

आपल्या देशात हा प्रश्न घरोघरी पोचला तो अरुणा शानबाग यांच्यामुळे. त्या मूळच्या आपल्याच बाजूच्या, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हळदीपूरच्या. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात परिचारिका असताना १९७३ साली त्यांच्यावर अत्याचार झाला आणि मे २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या तिथेच अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचे अन्न थांबवू द्यावे, ही विनंती २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. कारण त्यांना सांभाळणाऱ्या परिचारिकांना ते नको होते. पण त्याच निकालाने, काटेकोर अटींवर, उपचार थांबवण्याचे दार उघडले. ९ मार्च २०१८ च्या निकालाने सन्मानाने मरणे हाही जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि आधी लिहून ठेवलेल्या इच्छापत्राला, म्हणजे लिव्हिंग विलला, मान्यता दिली. जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी झाली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही पुरते. रुग्णालयात मशीन काढायचे असेल, तर डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमती लागते. जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने याबाबत परिपत्रक काढले. गोव्यात २०२४ साली पहिले असे इच्छापत्र नोंदवले ते उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे तेव्हाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी. इंजेक्शन देऊन मारणे मात्र आपल्या कायद्यातही गुन्हाच आहे. म्हणजे या एका बाबतीत फादर आणि न्यायालय जवळजवळ एकच बोलतात.

भिंतीबाहेरचा भाऊ

राहिला नरकाचा प्रश्न. मला वाटले होते, फादर इथे अडखळतील. ते अडखळले नाहीत, पण त्यांचा आवाज खाली आला.

"मावशी, तेव्हाचा नियम तसा होता," ते म्हणाले. १९१७ च्या चर्चच्या कायद्यात जाणूनबुजून जीव देणाऱ्याला धार्मिक दफन नाकारले होते. १९८३ च्या नव्या कायद्यातून ते कलम गेले. १९९२ च्या ग्रंथात तर लिहिले आहे, की मनाचा तीव्र आजार, भीती, यातना यांनी माणसाची जबाबदारी कमी होते. अशा माणसाच्या तारणाची आशा सोडू नये. देवाला ठाऊक असलेल्या वाटा असतात. चर्च अशांसाठी प्रार्थना करते.

नरक नाही, असे कॅथलिक चर्च म्हणत नाही. पण चित्रातल्या जळत्या कढया म्हणजेच नरक, असेही म्हणत नाही. जॉन पॉल दुसरे यांनी १९९९ साली एका प्रवचनात नरकाचे वर्णन एखादी जागा म्हणून नव्हे, तर देवापासून स्वतःहून तुटलेल्या माणसाची अवस्था म्हणून केले. आणि एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. चर्चने शेकडो माणसे स्वर्गात आहेत, असे जाहीर केले. अमुक एक माणूस नरकात आहे, असे आजवर एकदाही जाहीर केलेले नाही.

इथेही मतभेद आहेत. अनेक प्रॉटेस्टंट शुद्धीस्थान मानत नाहीत, मेलेल्यांसाठी प्रार्थनाही करत नाहीत. तारण विश्वासाने आणि देवाच्या कृपेनेच, असे ते म्हणतात. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनपासून काही विचारवंतांना तर आशा वाटत आली, की शेवटी सगळेच वाचतील. चर्चने ती शिकवण म्हणून स्वीकारली नाही.

मला राहवेना. मी विचारले, "फादर, आणि माझे बाबा? ते तर विठ्ठलाचे वारकरी होते." ते हसले. "दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ सालीच सांगितलंय. ज्यांना स्वतःचा दोष नसताना ख्रिस्त कळला नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. तुझे बाबा वाळवंटात नाचत होते ना? ते शोधणंच की." मला धर्मशास्त्रातली मान्यता नको होती. तरी डोळे भरून आले, हे खरे.

जाताना फादरांनी मावशींना भावाचे नाव विचारले. पुढच्या रविवारी मिस्सेत त्या नावाने प्रार्थना झाली. इतक्या वर्षांनी ते नाव चर्चमध्ये मोठ्याने उच्चारले गेले. मावशी जाऊ शकल्या नाहीत. मुलीने फोन चालू ठेवून त्यांना ऐकवले.

शेवटचे आठ दिवस

थोरला मुलगा आला. येताना रागावलेलाच होता. पहिल्याच रात्री आईने त्याला जवळ बसवून सांगितले, "तू पैसा खर्च केला नाहीस म्हणून मी मेले, असं कुणी म्हणणार नाही. मी सांगितलंय सगळ्यांना." तो लहान मुलासारखा रडला. मला वाटते, आय.सी.यू.चा हट्ट आईसाठी कमी आणि दूर राहिल्याच्या अपराधासाठी जास्त होता. माझा तरी तसाच होता.

रुग्णाभ्यंगाचा संस्कार झाला. पूर्वी याला 'शेवटचे तेल' म्हणत आणि धर्मगुरू आले की घरातले समजत, संपले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर तो मरणाऱ्याचा नव्हे, आजाऱ्याचा संस्कार झाला. कपाळाला आणि तळहातांना तेल लावतात, बळ मागतात. घरी येणारी नर्स लिंगायत. ती रोज विचारायची, "अव्वा, भाळ नोव ऐतेन?" आणि मावशी क्षीण आवाजात कन्नडमध्येच उत्तर द्यायच्या, आज कमी आहे. एका पहाटे, लेकीच्या हातात हात असताना, श्वास लांब लांब होत थांबला. हात बांधलेले नव्हते. हे मी मुद्दाम पाहिले.

चमत्कार झाला का? मुलगी म्हणते, झाला. आई घाबरत नव्हती. मी त्यावर वाद घालत नाही.

२ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, ती मला दफनभूमीत घेऊन गेली. आईच्या थडग्यावर तिने मेणबत्ती लावली. मग आम्ही भिंतीला वळसा घालून बाहेर गेलो. तिथे आता गवत आणि रानतुळस. नेमकी जागा कुणालाच ठाऊक नाही. तिने अंदाजाने दुसरी मेणबत्ती लावली. वारा होता, म्हणून मी ज्योतीभोवती हात धरला.

घरी आल्यावर मी जेवणाच्या टेबलावर विषय काढला. नवरा म्हणाला, "अशुभ बोलू नकोस." पण अत्ते, म्हणजे माझ्या सासूबाई, जेवता जेवता थांबल्या आणि म्हणाल्या, "नन्न मन्याग इड्री." मला घरातच ठेवा. एवढेच. पुन्हा आमटी वाढून घेतली.

मी ते वहीत तारखेसह लिहून ठेवले आहे. पुढच्या महिन्यात नोटरीकडे जायचे ठरले आहे. वाचकहो, आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना हे विचारा, मराठीत विचारा की कन्नडमध्ये, पण ते बोलू शकताहेत तोवर विचारा. माझ्या बाबांना मी विचारले नाही.